रोग्याच्या घराची नाडी

रोग्याची नाडी आम्ही डॉक्टर पाहतो. त्याच्या घराची नाडी पाहणारे मात्र सहसा विस्मृतीत जातात. अशाच काही माणसांची ही हकिकत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील लिव्हरपूल हे भरभराटीचे बंदर होते. तेथील कष्टकरी कुटुंबे मात्र अंधाऱ्या, ओलसर तळघरांत आणि कोंदट चौकांभोवतीच्या खोल्यांत दाटीने राहत. गरिबांच्या दवाखान्यात काम करणारे डॉ. विल्यम हेन्री डंकन यांनी या वस्त्यांचा आणि शहरातील मोठ्या मृत्युदराचा संबंध १८४३ मध्ये एका पुस्तिकेतून मांडला.

१८४६ साली शहरासाठी स्वतंत्र आरोग्य कायदा झाला आणि १ जानेवारी १८४७ पासून डंकन हे शहराचे आरोग्य अधिकारी झाले. ब्रिटनमध्ये या पदावरचे ते पहिलेच. त्यांच्या जोडीला अभियंता जेम्स न्यूलँड्स आणि 'उपद्रव निरीक्षक' थॉमस फ्रेश होते. उपद्रव म्हणजे शेजाऱ्यांच्या आरोग्यास बाधक असे सारे काही : भरून वाहणारे शौचकूप, तुंबलेली गटारे, घाणीचे ढीग. ते शोधून दूर करविणे हे निरीक्षकाचे काम.

त्याच वर्षी आयर्लंडमधील दुष्काळातून निसटलेले लाखो लोक या बंदरात उतरले आणि टायफसच्या तापाने थैमान घातले. रोग दूषित हवेतून पसरतो, अशी डंकन यांची समजूत होती. ती चुकीची होती. टायफस उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली दाखविले. तरीही गर्दी व घाण हटविण्याचा डंकन यांचा आग्रह योग्यच होता. उवा दाटीवाटीतच फैलावतात.

मात्र तळघरे रिकामी करविली, तरी तेथील माणसांना परवडेल असा दुसरा निवारा नव्हता. अनेकजण आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले, काही पुन्हा तळघरांतच परतले. तपासणी हे निदान. पर्याय दिल्यावाचून उपचार पुरा होत नाही.

तरुणपणी एकाच घरातील मुले पाठोपाठ जुलाबाने आली, तर मी केवळ औषध देत असे. तीच मुले महिन्याभराने पुन्हा आली, तेव्हा शहाणा झालो. आता विचारतो : पाण्याची टाकी केव्हा धुतली? गटार कोठे तुंबते? वाचकहो, हे प्रश्न आपणही आपल्या घराला विचारावेत. आणि भाडेकरूच्या अस्वच्छतेला नावे ठेवण्यापूर्वी, त्याची फुटलेली सांडपाण्याची नळी दुरुस्त करून देणे कोणाचे कर्तव्य आहे, हेही विचारावे.