वास्तव वेतन : गिरणगावातील दोन पिढ्यांचा हिशेब

मौद्रिक आणि वास्तव वेतन
कामगाराच्या हाती पडणारी रक्कम म्हणजे मौद्रिक वेतन; त्या रकमेत मिळणाऱ्या वस्तू व सेवा म्हणजे वास्तव वेतन. पगार 20,000 रुपयांवरून 30,000 झाला आणि त्याच काळात किमतीही दीडपट झाल्या, तर वास्तव वेतन होते तेथेच राहते. दोन पिढ्यांच्या कमाईची तुलना म्हणूनच केवळ पगाराच्या आकड्यांवरून करता येत नाही.

निर्देशांकाची रचना
किमतींतील बदल मोजण्यासाठी श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करते. कामगार कुटुंबाचा खर्च कशावर किती होतो, हे पाहणीतून ठरवून प्रत्येक गटाला भारांक दिला जातो आणि 88 केंद्रांतील बाजारांतून दर गोळा केले जातात. 2016 हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेये यांचा भारांक सुमारे 39 टक्के, तर निवासाचा सुमारे 17 टक्के आहे. डिसेंबर 2024 मध्ये हा निर्देशांक 143.7 होता. म्हणजे 2016 मध्ये 10,000 रुपयांत भागणाऱ्या खर्चाला तेव्हा सुमारे 14,370 रुपये लागत होते.

महागाई भत्ता
निर्देशांक वाढला की वेतनाची झालेली झीज भरून काढणे, हे महागाई भत्त्याचे कार्य. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारला जातो. महाराष्ट्रात किमान वेतनाला जोडलेला विशेष भत्ताही सहामाही बदलतो. मात्र भत्ता झीज भरतो, भर घालत नाही. राहणीमान उंचावण्यासाठी मूळ वेतनच वाढावे लागते. ठोक रकमेवर कंत्राटी काम करणाऱ्याच्या वेतनाला अनेकदा निर्देशांकाची ही जोडच नसते.

किमान वेतनाचा निकष
1957 च्या 15व्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचा निकष घालून दिला : कामगाराच्या कुटुंबाचे तीन उपभोग एकक, दर प्रौढ एककाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिव्यासह किरकोळ खर्चासाठी 20 टक्के. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण आदींसाठी आणखी 25 टक्क्यांची भर सांगितली. तीन एककांत पती, पत्नी आणि दोन मुले बसतात. त्याच घरात राहणारे वृद्ध आईवडील या गणतीत येत नाहीत.

वेतनाबाहेरचे वेतन
1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली. त्यामुळे गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळीतील खोली गिरणी कामगाराला नाममात्र भाड्यात मिळे. खोली लहान, संडास सामाईक, इमारतीची डागडुजी रखडलेली. पण काम पायी जाण्याच्या अंतरावर होते. भाड्यातील ही बचत प्रत्यक्षात वेतनाचाच न दिसणारा भाग होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व टॉवर उभे राहिले. पुढच्या पिढीतील ज्याला वेगळे घर हवे, त्याला विरार किंवा अंबरनाथ गाठावे लागते आणि गृहकर्जाचा हप्ता, पास व प्रवासाचे तास हे सारे पगारातूनच भागवावे लागते.

निर्देशांकाच्या मर्यादा
निर्देशांक निवासाचा खर्च भाड्यावरून मोजतो. घराची खरेदी गुंतवणूक मानली जात असल्याने कर्जाचा हप्ता त्यात येत नाही. शिवाय तो सरासरी कुटुंबाचा असतो. मुलांची फी आणि आईवडिलांचे उपचार एकाच वेळी सोसणाऱ्या घराची महागाई या सरासरीहून अधिक असू शकते.

परस्परसंबंध
वेतन, भत्ता, भाडे आणि सार्वजनिक सेवा ही एकच साखळी आहे. स्वस्त निवास, सरकारी शाळा किंवा रुग्णालय यांपैकी एकाचा आधार सुटला की तो खर्च पगारावर येतो आणि कागदावर वाढलेला पगार तेथेच जिरतो. म्हणून वेतनाचा प्रश्न पगारपत्रकापुरता सोडवता येत नाही. मूळ वेतनाची वेळेवर फेररचना आणि परवडणारी घरे, दोन्ही एकत्र साधली तरच पुढच्या पिढीच्या हातात मागच्या पिढीपेक्षा काही अधिक शिल्लक राहील.