तीस कोटींचं बोलावणं

जुलै 2023मध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलाल या फुटबॉल क्लबने किलियन एम्बापे या खेळाडूसाठी 30 कोटी युरो देऊ केले. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही. करार मुदतीआधी सोडवून घ्यायचा, म्हणून ती जुन्या क्लबला मिळते, पगार वेगळा. एम्बापेच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं. ते सरलं की त्याच्या पॅरिस सेंट जर्मेन क्लबच्या हाती भोपळा! त्यामुळे क्लबने बोलणी करायला लगेच परवानगी दिली. एम्बापे मात्र हिलालच्या लोकांना भेटलासुद्धा नाही. 2024मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि पॅरिसला बदलीचा छदामही मिळाला नाही. एम्बापेचा नकार आल्यावर हिलालने 2023मध्येच नेमार या खेळाडूला घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हिलालचा संघ मुंबई सिटी या क्लबशी खेळायला नवी मुंबईत आला, पण गुडघा दुखावलेल्या नेमारशिवाय.