संगणक अडला म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे

ऐन लगीनसराईत एका सकाळी आमच्या खामगावच्या कापड दुकानातील संगणक अडून बसला. दीड मिनिट नुसतीच वाट, मग काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' ही अक्षरे. दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "चाचा, फॉरमॅट करावे लागेल." आत तीन वर्षांची उधारी होती. मी त्याला हात लावू दिला नाही, तेच बरे झाले.

हा संगणक लिनक्सवर चालतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सच्या धर्तीवरची, १९९१ पासून घडत आलेली ही व्यवस्था. तिच्यात 'एफएसटॅब' नावाची एक यादी असते. कोणती डिस्क कोठे जोडायची, हे त्या यादीत लिहिलेले असते. गोदामांची यादीच म्हणा. सोडून दिलेल्या गोदामाचे नाव यादीत राहिले, तर नोकर बंद दाराशी ताटकळतो. बाकी गोदामांतला माल मात्र जागेवरच असतो. आमचे तसेच झाले. आदल्या दिवशी एक जुनी डिस्क काढली, पण यादीतली तिची ओळ तशीच राहिली. संगणकाने ९० सेकंद वाट पाहिली आणि काम थांबवले.

उपाय सोपा आहे. पडद्यावर मागितल्यास मुख्य पासवर्ड द्यावा. मुख्य डिस्क अशा वेळी बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडते. म्हणून 'माऊंट -ओ रिमाऊंट,आरडब्ल्यू /' ही आज्ञा रोमन लिपीत देऊन ती लिहिण्यासाठी खुली करावी. मग 'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' या आज्ञेने यादी उघडून चुकीच्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह टाकावे. ओळ पुसू नये. यादी जतन करून 'माऊंट -ए' ही आज्ञा द्यावी. तक्रार आली नाही तर संगणक पुन्हा सुरू करावा. पासवर्ड हरवला असल्यास लिनक्स भरलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करूनही ही यादी दुरुस्त करता येते.

पुढची खबरदारी अशी. यादीला हात लावण्यापूर्वी तिची नक्कल ठेवावी. जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे ती नसली तरी संगणक सुरू होतो. डिस्क तिच्या यूयूआयडी क्रमांकाने लिहावी, कारण एसडीए, एसडीबी ही नावे बदलू शकतात.

व्यापारी बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे: यादीतली चूक एका ओळीने सुधारते, पण फॉरमॅट केलेली उधारी कोणाकडे मागणार? हिशेबाची एक प्रत रोज दुसरीकडे ठेवावी.