जुन्या बंदुकीच्या दस्त्याची डागडुजी

ली-एन्फील्ड रायफलीचा १९०७ सालीं ब्रिटिश सैन्यानें स्वीकारलेला ‘मार्क ३’ हा प्रकार बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यांतहि तयार होत असे. आपल्याकडील सैनिकांनीं, पोलिसांनीं व पुढें छात्रसेनेंतील मुलांनींहि ही बंदूक हाताळली आहे. तिचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लांकडाचा असून त्यांत जवसाचें तेल मुरविलेलें असे. अशा दस्त्याचें तेज गेलें असतां तो कसा सुधारावा, हें जाणण्याजोगें आहे. कारण अज्ञानानें केलेली दुरुस्ती पुष्कळदां मूळ इजेहून घातक ठरते.

प्रथम परवानाधारक जाणत्या मनुष्यानें बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्ता सुटा करावा. त्यावर काचकागद मुळींच चालवूं नये. त्यायोगें मळाबरोबर लांकूडहि जातें, लांकूड व लोखंड यांची सांधेजोड बिघडते, आणि कारखान्याच्या व तपासनिसांच्या मुद्रा कायमच्या पुसल्या जातात. बंदूक कोठें घडली, याचा तो लेखी पुरावाच होय. मळ काढण्यास टर्पेंटाइनांत भिजविलेलें फडकें पुरे.

सर्वच दस्ते तेलाचे नसतात. रशियन मोसिन-नागांत रायफलींवर चपड्याचा लेप आढळतो. चपडा स्पिरिटानें विरघळतो, मुरलेलें तेल विरघळत नाहीं. म्हणून झांकलेल्या भागावर एक थेंब लावून पाहावा.

दाबानें खड्डा पडला असल्यास त्यावर ओलें फडकें ठेवून क्षणभर तप्त इस्त्री टेकवावी. वाफेनें दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असल्यास मात्र हा उपाय चालत नाहीं.

लांकूड पूर्ण वाळल्यावर जवसाचें तेल अगदीं थोडें घेऊन तळहातानें चोळावें, उरलेलें पुसून काढावें, व तो थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. हें तेल पाण्याप्रमाणें उडून जाऊन वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें. म्हणूनच जाड थर चिकट राहतो. या क्रियेंत उष्णता उत्पन्न होते; तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास तो आपोआप पेट घेऊं शकतो. चिंध्या पाण्यांत बुडवाव्या, अथवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या घरीं बंदूक क्वचितच असेल. पण आजोबांची काठी किंवा जुनी पेटी असेल. तिलाहि हाच क्रम लागू पडतो. आधीं लेप ओळखावा, मग मळ काढावा, आणि ती चकचकीत होण्यापूर्वींच हात आवरावा. त्यांच्या हातानें झिजलेली मूठ तशीच राहूं द्यावी. ती एकदां घांसून टाकली, कीं कोणत्याहि तेलानें परत येत नाहीं.