डाकीण, अंगठा आणि फॉरवर्ड

मार्च १८९५. आयर्लंडच्या टिपररी परगण्यातल्या एका खेड्यात ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुणीला तिच्या नवऱ्याने राहत्या घरात जाळले. ती काही दिवस आजारी होती. डॉक्टर येऊन गेले, पाद्रीही येऊन गेले, पण नवऱ्याच्या डोक्यात एकच बसले होते : ही आपली बायको नव्हेच. टेकडीच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य मंडळींनी खरी ब्रिजेट पळवली आणि तिच्या रूपात भलतेच काहीतरी आणून ठेवले. ब्रिजेट शिवणकाम करायची, कोंबड्या पाळायची, स्वतःचे चार पैसे बाळगून होती. हे सगळे घडत असताना नातेवाईक आणि शेजारी घरात हजर होते. नवऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी २० वर्षांची शिक्षा झाली.

गेल्या काही वर्षांत जगभर नावाजलेल्या आयरिश भयपटांमागे ही अदलाबदलीची भीती उभी आहे. ली क्रोनिनच्या 'द होल इन द ग्राउंड'मध्ये (२०१९) आईला पोटच्या पोराचाच संशय येतो. केट डोलनच्या 'यू आर नॉट माय मदर'मध्ये (२०२१) डब्लिनच्या साध्या वसाहतीतली मुलगी बेपत्ता होऊन परतलेल्या आईला बिचकते. ॲशलिन क्लार्कचा 'फ्रेवाका' (२०२४) तर बराचसा आयरिश भाषेतच बोलतो. वीज आली, मोबाइल आला, तरी टेकडीखालची मंडळी हटली नाहीत. १९९९मध्ये क्लेअर परगण्यात लाटूनजवळ त्यांचे मानले जाणारे एक काटेरी झुडूप नव्या महामार्गाच्या आड येत होते. कथेकरी एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झुडूप राखून रस्ता झाला.

आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांची झोप उडवली. पडद्यावर 'रात्रीस खेळ चाले'ने कोकणातला वाडा घराघरात नेला, 'तुंबाड'ने (२०१८) हाव आणि पाऊस एकत्र कालवले. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'ने (२०१७) भुताला उसाच्या फडात आणले आणि खरा राक्षस मुली मारणारी प्रथा आहे, हे सांगितले. सातपुड्याच्या वाट्याला मात्र मराठी भयकथा फारशी आलेली नाही. आली तरी जंगल, ढोल आणि केस मोकळे सोडलेली एखादी बाई, एवढ्यावर ती भागते.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अदृश्याशी माणसांचे नाते इतके उथळ नाही. वाघदेवाची पूजा होते ती वाघाला शत्रू मानून नव्हे. देवी याहा मोगीच्या दर्शनाला महाशिवरात्रीच्या सुमारास लोक सीमा ओलांडून गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. काठी गावच्या होळीला मोरपिसे आणि ढोल रात्र जागवतात. ही देवदैवते धाक दाखवतात आणि सांभाळतातही. भय खरे सुरू होते ते माणूस माणसाकडे बोट दाखवतो तेव्हा.

मूल दगावते, बैल मरतो, गाय आटते. घरातला कुणी भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जातो. भगत दाणे मांडतो, दिशा सांगतो, खुणा सांगतो आणि डाकीण, म्हणजे चेटूक करणारी बाई, 'निघते'. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर थोडी जमीन असते किंवा तिची जीभ तिखट असते. मग मारहाण, गावाबाहेर काढणे, कधी खून. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात शिक्षा आहे. या कायद्याच्या अनुसूचीत एक बारीकशी गोष्ट आहे : अमुक व्यक्ती मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे भासवणे हाही गुन्हा. आयर्लंडमध्ये १ मेच्या पहाटे शेजारीण दुधातले लोणी चोरून नेते, असे मानत. इतक्या दूरच्या दोन मुलुखांत आरोप एकच, कारण गरिबाच्या घरात आटण्यासारखे होते ते दूधच.

ओळखीच्या माणसाला परके ठरवण्याचे काम आता यंत्रही करते. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातच, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. आज रेशनच्या दुकानात म्हातारी आधारशी जोडलेल्या मशीनवर अंगठा ठेवते. लाल दिवा लागतो. दुकानदार म्हणतो, "माय, पुसून परत लाव." ती लुगड्याला अंगठा पुसते, परत लावते. पुन्हा लाल. निंदणी-कापणीत झिजलेल्या रेषा जुळत नाहीत, डोंगरात कधी रेंजच नसते. दुकानदार तिला जन्मापासून ओळखतो, पण मशीन म्हणते ही ती नव्हे. ब्रिजेटचा नवराही हेच म्हणत होता. इथे कुणी कुणाला जाळत नाही, ज्वारी-तांदळावाचून परत पाठवतात. यावर भयकथा लिहायला भूत कशाला हवे?

दुसरी कथा रेंज पोचल्यावरची. १ जुलै २०१८.  शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. 'रिंगू' या जपानी भयपटात (१९९८) शापित टेप पाहणाऱ्याला वाचायचे तर तिची प्रत काढून दुसऱ्याला दाखवावी लागते. राईनपाड्यानंतर ही कल्पना कल्पना वाटत नाही. भगताला निदान चेहरा असतो. उद्या त्याला पोलिसांपुढे उभे करता येते. फॉरवर्डला ना गाव, ना नाव. भगत ओळखीच्या बाईला परकी ठरवतो, फॉरवर्ड कुठल्याही परक्याला राक्षस ठरवतो. दोन्हीकडे पुरावा कुणी मागत नाही.

म्हणून सातपुड्याची भयकथा कुणाच्या घरातून सांगायची, हा प्रश्न महत्त्वाचा. डाकिणीला खलनायिका करणारी कथा कितीही थरारक असो, ती भगताची बाजू घेते. कुडाच्या फटीतून चढावर येणारे मोबाइलचे टॉर्च मोजणाऱ्या बाईच्या बाजूने ती सांगितली, तर भीती तेवढीच वाटेल आणि खोटीही नसेल.

त्यासाठी कच्चा माल हवा. आयर्लंडमध्ये लोकसाहित्य आयोग १९३५मध्ये स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी पोरांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवल्या. त्या आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या पोरांकडे वहीपेक्षा सोपे साधन आहे. पावरी, भिली, मावची, देहवालीत आजी बोलेल तसे, तिला विचारून, फोनवर नोंदवून घ्यावे. शिक्षकांनी आणि दिवाळी अंकांनी एवढे मनावर घ्यायला हरकत नाही. पथ्य एकच : कुठल्याही गोष्टीत जिवंत बाईचे नाव डाकीण म्हणून येऊ द्यायचे नाही, आणि तसा मेसेज आलाच तर पुढे न ढकलता पोलिसांना दाखवायचा.