१७५ मतांपलीकडे

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की पक्षोपक्षांचे मुत्सद्दी बेरीज-वजाबाकीला बसतात. महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५. १९७१च्या जनगणनेवरून निघालेला हा आकडा ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाडच्या आमदारांनाही लागू आहे.

२०२२ साली या गणिताला प्रतीकाची जोड मिळाली. भाजप आघाडीने द्रौपदी मुर्मू यांना उभे केले. आदिवासी महिलेच्या विरोधात जाणे अनेक पक्षांना जड गेले. विरोधी गोटातील उद्धव ठाकरे यांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. मुर्मूंना ६,७६,८०३ मतमूल्य मिळाले, तर यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. डावपेच यशस्वी झाला.

परंतु शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांशी राष्ट्रपतींचे नाते केवळ प्रतीकाचे नाही. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्र आहे. अशा क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना सादर करावा आणि केंद्राला राज्यास निर्देश देता यावेत, अशी तरतूद घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही विसंगती त्या अहवालात स्पष्ट शब्दांत नोंदली जावयास हवी.

मुत्सद्द्यांचे काम मतमोजणीच्या दिवशी संपले. मुर्मूंच्या निवडीने या पाड्यांच्या पदरात काय पडले, हे मात्र त्या अहवालांवर पुढे कोणती कारवाई होते यावरूनच ठरेल.