फॉर्म बघायचा तरी कुठे?

मोठी स्पर्धा महिन्यावर आली की चहाच्या टपरीवर संघांच्या कुंडल्या मांडल्या जातात. शेवटचे पाच सामने घ्यायचे, विजय-पराभव मोजायचे, की झालं भाकीत. मीही हेच करायचो. २००७ च्या विश्वचषकाआधी या पद्धतीने ऑस्ट्रेलियाला मोडीत काढलं आणि सपशेल तोंडावर आपटलो.

गैरसमज : हरत आलेला संघ स्पर्धेत काय दिवे लावणार?

त्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलिया सलग पाच एकदिवसीय सामने हरला होता. आधी घरच्या तिरंगी मालिकेत इंग्लंडने दोन्ही अंतिम सामने जिंकले. मग न्यूझीलंडमध्ये ३-० असा धुव्वा. वेलिंग्टनला १४८ धावांत सर्व बाद आणि दहा गडी राखून पराभव. ऑकलंडला ३३६ धावा करूनही हार. हॅमिल्टनला तर ३४६ केल्या, हेडन एकटाच नाबाद १८१, आणि समोर न्यूझीलंडची अवस्था ४ बाद ४१. तिथून मॅकमिलन आणि मॅक्युलमने सामना ओढून नेला, एक गडी राखून. एकदिवसीय क्रमवारीतलं पहिलं स्थानही विश्वचषकाच्या तोंडावर दक्षिण आफ्रिकेकडे गेलं.

पुढे काय झालं? वेस्ट इंडिजमध्ये ऑस्ट्रेलिया अकरा सामने खेळला आणि अकराही जिंकला.

यात चमत्कार काही नव्हता. न्यूझीलंडला पाँटिंग आणि गिलख्रिस्ट गेलेच नव्हते, त्यांना विश्रांती दिली होती. सायमंड्स दुखापतग्रस्त होता. म्हणजे तिथे हरलेली अकरा माणसं आणि विश्वचषकात उतरलेली अकरा माणसं एक नव्हती. आणि ३४६ धावा रचणारी फलंदाजी आजारी कशी म्हणायची? हॅमिल्टनच्या त्या खेळीत पायाचं बोट मोडून घेतलेला हेडनच विश्वचषकात सर्वाधिक, ६५९ धावा करून गेला. धावफलक सगळं सांगत होता. आम्ही फक्त शेवटची ओळ वाचली.

त्याच वर्षी उलटं उदाहरण आपल्याच घरात घडलं. भारताने जानेवारीत मायदेशी वेस्ट इंडिजला ३-१ ने, फेब्रुवारीत श्रीलंकेला २-१ ने हरवलं. १७ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने आपल्याला १९१ धावांत गुंडाळलं, पाच गडी राखून जिंकले, आणि आठवड्याभरात आपण स्पर्धेबाहेर. घरच्या खेळपट्टीवरचा फॉर्म सामानात भरून नेता येत नाही.

गैरसमज : क्रमवारीत पहिला, म्हणजे सध्याचा सर्वात फॉर्मातला.

आयसीसीची संघ-क्रमवारी ताप मोजायला घेतलेला थर्मामीटर नाही, ते जुनं खातं आहे. त्यात तीन-चार वर्षांचे सामने असतात. अलीकडच्यांना पूर्ण वजन, त्याआधीच्या दोन वर्षांच्या सामन्यांना निम्मं. गणित असं : १२० गुणांकनाच्या संघाने १०५ च्या संघाला हरवलं, तर त्या सामन्यासाठी त्याच्या खात्यात १०५ अधिक ५०, म्हणजे १५५ जमा होतात. हरला तर १०५ वजा ५०, म्हणजे ५५. (दोघांत ४० किंवा जास्त गुणांचं अंतर असेल तर सूत्र बदलतं.) मग सगळ्याची सरासरी. गंमत अशी की एका धावेने जिंका वा दोनशेने, गुण तेवढेच. नागपूरला जिंका वा वेलिंग्टनला, तेवढेच. कर्णधार घरी बसला होता का, हेही कोणी विचारत नाही. प्रतिस्पर्धी किती तगडा होता एवढी दाद मात्र ही पद्धत देते, आणि तेवढ्यापुरती ती टपरीपेक्षा बरीच शहाणी आहे.

गैरसमज : सराव सामन्यांना काही अर्थ नसतो.

निकालाला फारसा नसतो, हे खरं. अकरापेक्षा जास्त खेळाडू आलटून पालटून वापरता येतात, गोलंदाज चार षटकं टाकून बाजूला होतो. पण विकेट कशा पडल्या ते बघावं. मे २०१९ मध्ये ओव्हलवर न्यूझीलंडने भारताला १७९ धावांत उखडलं. चेंडू हलत होता, बोल्टने चार बळी घेतले, अर्धशतक एकट्या जडेजाचं. आपण हसून सोडून दिलं आणि साखळीत पहिले आलो. जुलैत मँचेस्टरला उपांत्य सामना, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा हलणारा चेंडू. रोहित १, राहुल १, कोहली १. ३ बाद ५. शेवटी झुंजला तो पुन्हा जडेजा, ७७ धावा करून. अठरा धावांनी हरून घरी आलो.

गैरसमज : आयपीएलमध्ये चालला, म्हणजे विश्वचषकातही चालणार.

२०२४ च्या आयपीएलमध्ये कोहलीच्या ७४१ धावा, सर्वांत जास्त. टी-२० विश्वचषकात पहिल्या सात डावांत मिळून ७५. त्यातले पहिले तीन डाव, १, ४ आणि ०, न्यूयॉर्कमधल्या, बाहेरून आणून बसवलेल्या खेळपट्ट्यांवरचे, जिथे भारताने पाकिस्तानविरुद्ध ११९ धावाही पुरवून सामना जिंकला. 'विराटला बसवा' ही मागणी तोवर जोरात होती. अंतिम सामन्यात त्याने एकट्याने ७६ केल्या.

राहता राहिला आपला सर्वात लाडका गैरसमज : १९८३ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून आपण एकच सामना जिंकलो होतो, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध, हे कबूल. पण स्पर्धेच्या दहा-अकरा आठवडे आधी, २९ मार्चला, गयानातल्या बर्बिसला भारताने ५ बाद २८२ धावा करून वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरात २७ धावांनी हरवलं होतं. गावसकर ९०, कपिल अवघ्या ३८ चेंडूंत ७२. मालिका २-१ ने गेली, त्यामुळे तो सामना कुणाच्या हिशेबात आला नाही. जूनमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला सलामीच्या लढतीत पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. वेस्ट इंडिज तोवर विश्वचषकातला एकही सामना हरलेला नव्हता. भारत ३४ धावांनी जिंकला.